निरोप्या कोण, ते कंटेनरला सांगा

प्रश्न : ताई, दांडिया बाजारात आमच्या काकांचं फराळाचं दुकान आहे. ऑर्डरींसाठी मी लारावेल या पीएचपी फ्रेमवर्कमध्ये साइट करतोय. ऑर्डर नोंदली की ग्राहकाला एसएमएस जातो. उद्या व्हॉट्सअ‍ॅप लागेल म्हणून ‘निरोप्या’ असा इंटरफेस (काय करायचं एवढंच सांगणारा करार, कसं ते नाही) केला आणि कंट्रोलरच्या कन्स्ट्रक्टरमध्ये मागितला, तर ‘नॉट इन्स्टँशिएबल’ अशी एरर येते. साधे क्लास काही न सांगता मिळतात, मग इथेच काय अडलं?
– एक वाचक, वडोदरा

उत्तर : एकच ओळ राहिली आहे. साधा क्लास मागितला की कंटेनर, म्हणजे ऑब्जेक्ट करून पुरवणारा लारावेलचा भाग, रिफ्लेक्शनने (चालू प्रोग्रॅममधून कोडची रचना तपासून) त्याचा कन्स्ट्रक्टर वाचतो, काय काय लागतं ते जमवतो आणि ऑब्जेक्ट करून देतो. इंटरफेसचं ऑब्जेक्ट होतच नाही. त्याच्या जागी कोणाला पाठवायचं, हे अ‍ॅपसर्व्हिसप्रोव्हायडर या नोंदींच्या क्लासच्या रजिस्टर मेथडमध्ये सांगावं लागतं : बाइंड, निरोप्या मागितला तर एसएमएसनिरोप्या द्या. व्हॉट्सअ‍ॅप आलं की तेवढीच ओळ बदलायची. त्या क्लासला ‘एपीआय-की’ (सेवा वापरायची गुप्त किल्ली) स्ट्रिंग म्हणून हवी असेल, तर कंटेनर ती ओळखू शकत नाही. बाइंडला क्लोजर (ऑब्जेक्ट करून देणारं बिननावाचं फंक्शन) द्या आणि ती किल्ली कॉन्फिगमधून घ्या. रजिस्टरमध्ये फक्त नोंदी करा. दुसरी सर्व्हिस तिथून मागाल, तर तिची नोंद कदाचित अजून झालेलीच नसेल. ते काम सगळ्या नोंदी झाल्यावर चालणाऱ्या बूट मेथडमध्ये.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी सिंगलटनबद्दल, म्हणजे एकदा केलेलं ऑब्जेक्टच दरवेळी देण्याबद्दल, सांगायलाच हवं. एका वाचनालयाच्या कामात मी सभासद एकदा शोधून जवळ ठेवणारी सर्व्हिस सिंगलटन केली होती. ब्राउझरमध्ये सगळं ठीक, कारण पीएचपी-एफपीएमवर (वेब रिक्वेस्टसाठी पीएचपी चालवणाऱ्या नेहमीच्या व्यवस्थेत) दर रिक्वेस्टला कंटेनर नव्याने उभा राहतो. पण थकबाकीच्या मेल क्यूमधून (मागे रांगेत चालणाऱ्या कामांतून) जात होत्या, आणि क्यू वर्कर म्हणजे तासन्‌तास चालणारी एकच प्रोसेस. पहिल्या सभासदाची थकबाकी पुढच्या सगळ्यांना गेली. रावपुऱ्यातल्या एक आजी हातात पैसे घेऊन वाचनालयात आल्या. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो.

म्हणून, एखाद्या माणसाचं काही लक्षात ठेवणाऱ्या सर्व्हिसला सिंगलटन नको, स्कोप्ड करा. क्यूमधला नवा जॉब सुरू झाला, किंवा ऑक्टेनवर (अ‍ॅप मेमरीत सतत चालू ठेवणाऱ्या लारावेलच्या पॅकेजवर) नवी रिक्वेस्ट आली, की लारावेल जुनं ऑब्जेक्ट टाकून देतं. तुमच्या निरोप्याला नंबर आणि मजकूर दरवेळी ‘पाठव’ मेथडमधूनच द्या, आत साठवू नका. मग बाइंड ठेवलंत काय आणि सिंगलटन केलंत काय, दोन्ही चालेल. ओळ टाकूनही एरर राहिली, तर प्रोव्हायडरमध्ये इंटरफेसचा नेमस्पेस बरोबर लिहिलाय का, ते आधी बघा.