गलबत 'पाडाव केले' म्हणजे बुडवले नव्हे

प्रश्न असा आला आहे: "आंग्र्यांच्या काळच्या कागदांत 'इंग्रजांचे गलबत पाडाव केले' अशी वाक्ये येतात. पाडाव केले म्हणजे तोफा डागून पाडले, बुडवले असे समजायचे का? आणि या प्रकाराला चाचेगिरी म्हणणे बरोबर आहे का?"

पहिल्या भागाचे उत्तर एका शब्दात: नाही. 'पाडाव' म्हणजे लढाईत हाती लागलेला, धरलेला. माणूसही पाडाव होतो, हत्तीही आणि गलबतही. 'अमुक सरदार पाडाव झाला' हे वाचून तो घोड्यावरून पडला असे कोणी म्हणत नाही. मग गलबतानेच काय पाप केले? धातू 'पाडणे' हाच आहे, पण इथे पाडायचे ते हाती, तळाशी नव्हे. तरी हल्ली जो उठतो तो 'कान्होजींनी अमुक जहाजे पाडाव करून समुद्राच्या तळाशी धाडली' असे ठोकून देतो. तळाशी धाडलेल्या जहाजाचा उपयोग कोणाला?

पुरावा हवा असेल तर 'रेस्टोरेशन'चा घ्या. इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीचे हे लढाऊ जहाज तुळाजी आंग्र्यांनी १७४९ मध्ये पाडाव केले. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह आंग्र्यांच्या विजयदुर्गावर चालून आले तेव्हा हेच जहाज किल्ल्याखाली तरंगत होते. इंग्रजांचा एक गोळा त्यावर पडून आग लागली, ती शेजारी उभ्या असलेल्या गुराबांवर, म्हणजे आंग्र्यांच्या मोठ्या लढाऊ जहाजांवर, गेली आणि आंग्र्यांचे आरमार जळाले. बुडवलेले जहाज सात वर्षांनी पेट घेत नाही.

(जाता जाता: 'पडाव' वेगळा. तो कोकणातला माल आणि माणसे वाहणारा मोठा मचवा. 'मोहिमेचा पहिला पडाव अमुक गावी पडला' यातला पडाव तिसराच, हिंदीतून उचललेला. त्याला मराठीत मुक्काम आहे, तळ आहे. तेव्हा पडावावर पडाव टाकून पडाव पाडाव केला, असेही वाक्य होऊ शकेल. कृपया करू नये.)

बुडवायचे का नसते, हे पाडाव करण्याची रीत पाहिली की कळते. आंग्र्यांच्या आरमारात गुराबा आणि गलबते ही मुख्य. दोन डोलकाठ्यांची गुराब साधारण १५० टनांची, तीन डोलकाठ्यांची ३०० टनांपर्यंत. तिचे पुढचे टोक चोचीसारखे लांब निघालेले आणि त्या चोचीवरून सरळ पुढे मारा करतील अशा नऊ किंवा बारा पौंडी गोळ्यांच्या दोन तोफा. गलबत त्याहून लहान, क्वचितच ७० टनांच्या वर. पण त्याला चाळीस-पन्नास वल्ही. वारा असेल तर गुराबा आपल्या शिडांवर धावत. वारा पडला की गलबते त्यांना दोर लावून ओढून नेत. किनाऱ्यालगत रात्री आणि पहाटे जमिनीकडून मतलई वाहतो, दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटतो. दोन्हींच्या मधल्या वेळात व्यापारी जहाज शिडे लोंबकळत ठेवून जागच्या जागी डुलत राहते. वल्ही असणाऱ्याला याहून चांगली वेळ कोणती?

गाठायचे ते मागून. व्यापारी जहाजाच्या तोफा दोन्ही कुशींना असतात; मागच्या बाजूला कप्तानाच्या खोलीच्या खिडक्या आणि फार तर एक-दोन तोफा. मागच्यावर गोळे टाकायचे तर अख्खे जहाज वळवावे लागते, म्हणजे पळण्यातले अंतर जाते. गुराबा मागे राहून मारा करत तो डोलकाठ्यांवर. एक डोलकाठी मोडली की ती शिडे-दोरांसकट कुशीवरून पाण्यात लोंबते, जहाज त्या बाजूला ओढले जाते, सुकाणू ऐकत नाही आणि त्या कुशीच्या तोफांची तोंडे शिडांच्या कापडाखाली झाकली जातात. तिथून तोफ डागली तर आपलेच शीड पेटायची भीती. मग गुराबा जवळ येत आणि चहूबाजूंनी झोडपत. एवढ्यावर बावटा उतरला, म्हणजे जहाज शरण आले, तर ठीक. नाही उतरला तर एकेका गलबतात दोन-तीनशे माणसे भरून सगळी एकदम भिडवायची आणि तलवारी घेऊन वर चढायचे. डिसेंबर १७३५ मध्ये विलायतेहून मुंबईला येणारे 'डर्बी' हे कंपनीचे भरलेले जहाज संभाजी आंग्र्यांच्या हाती लागले, ते त्याच्या डोलकाठ्या तोडूनच.

या सगळ्या खटाटोपात कोणीही जहाजाच्या पाण्याखालच्या अंगावर मारा करत नाही. त्या काळच्या जाड लाकडी जहाजाला गोळ्यांनी बुडवणे तसेही कठीण. आणि माल, तोफा, लाकूड, शिवाय ज्यांच्यासाठी खंडणी मागता येईल अशी माणसे असे चार नफे त्यात असताना बुडवायचे कशाला? १७१२ च्या नोव्हेंबरात कान्होजींच्या आरमाराने कारवारहून मुंबईला निघालेला इंग्रजांचा काफिला धरला. कारवारच्या वखारीचा प्रमुख चाऊन त्यात मारला गेला, त्याची बायको कैद झाली. तिच्या सुटकेसाठी कंपनीने ३०,००० रुपये मोजले.

पण जहाज धरायचे तर हक्क काय म्हणून? परवाना नव्हता म्हणून. आणि इथे खरी मजा आहे.

या समुद्रात परवान्याची सक्ती सुरू केली पोर्तुगिजांनी, सोळाव्या शतकाच्या आरंभी. त्यांच्या परवान्याचे नाव 'कार्ताझ'. त्यावर जहाजाचे नाव, नाखव्याचे नाव, जहाज केवढे, हत्यारे किती, कुठून कुठे जाणार, आणि मिरी किंवा युद्धसामग्री यांसारखा कोणता माल भरायचा नाही ते लिहिलेले. कार्ताझ नसेल तर जहाज मालासकट जप्त. असला तरी जप्त होणार नाही याची खात्री नाहीच: १६१३ मध्ये सुरतेजवळ त्यांनी जहांगीर बादशहाच्या आईचे 'रहीमी' जहाज कार्ताझ असूनही धरले, आणि बादशहाने दमणला वेढा घातला.

'कार्ताझ' हा पोर्तुगीज 'कार्ता', म्हणजे चिठ्ठी, याचा फुगवलेला प्रकार, असे सांगणारे अभ्यासक आहेत. दिसायला सोपे, म्हणून पटते. पण सोपे असणे हा पुरावा नव्हे. हा शब्द अरबी 'किर्तास'वरून आला. किर्तास म्हणजे लिहायचा कागद. कुराणातही हा शब्द आहे. अरबी बोलणाऱ्या नाखव्यांच्या समुद्रात नवा परवाना चालवायचा तर त्यांना कळेल असे नाव देणार की नाही? गंमत पुढेच आहे. अरबी किर्तास ग्रीक 'खार्तेस'वरून आला, म्हणजे पपायरसचा कागद. आणि पोर्तुगीज कार्ता? ती लॅटिन 'कार्ता'वरून, जी पुन्हा त्याच खार्तेसवरून. भांडणारे दोघे एकाच दारात येऊन उभे राहतात.

आता आपले 'काडतूस' घ्या. मूळ इटालियन 'कार्तोच्चो': कागदाची सुरळी. कार्ता म्हणजे कागद, तोच तो. पोर्तुगिजांनी त्याचे 'कार्तूशु' केले, फ्रेंचांनी 'कार्तूश'. दारूचे माप आधीच कागदात गुंडाळून ठेवायचे, बंदूक भरताना टोक दाताने फाडायचे, दारू नळीत ओतायची आणि कागद वर ठासायचा. १८५७ ला ज्यावरून भडका उडाला ते काडतूस म्हणजे हेच कागदी भेंडोळे. काही कोश काडतूस फ्रेंचांकडून आले म्हणतात. कसे? फ्रेंचांची वखार सुरतेत निघाली १६६८ मध्ये. तोवर कोकणपट्टी दीडशे वर्षे पोर्तुगिजांच्या तोफा-बंदुकांशी झुंजत होती. आरमार, पिस्तूल, कप्तान हे शब्द ज्यांच्याकडून घेतले, त्यांना सोडून काडतुसासाठी कोकणी माणूस सुरतेच्या फ्रेंचाकडे गेला? आणि मधला 'र' जाऊन 'ड' का आला, यावर कोशकार मूग गिळून बसतात. माझे मत: 'काडी'मुळे. काडी लावणे, काडी ओढणे रोजचे. दारूच्या भेंडोळ्याचे कार्तूस आपल्या तोंडी काडीच्या वळणाने काडतूस झाले. शब्द परका असला की लोक त्यात ओळखीचे काहीतरी शोधतातच. हे ज्यांना पटत नाही त्यांनी 'ड'ची दुसरी उपपत्ती द्यावी. नुसते 'अपभ्रंश' म्हणणे म्हणजे उपपत्ती नव्हे.

म्हणजे पाहा: पोर्तुगीज गस्तीचे जहाज आडवे येऊन आधी कार्ताझ मागते, आणि तो नसेल तर काडतूस देते. एका कागदाऐवजी दुसरा कागद. यापुढे थांबायचेच नाही असे ठरवले तर नाविकाचा चार्ट त्याच कुळातला, कंपनीची १६०० ची सनद म्हणजे चार्टर तीही त्यातलीच, आणि जहाज भाड्याने घेताना करायची 'चार्टर-पार्टी' म्हणजे मुळात दोन तुकडे करून दोघांनी एकेक ठेवायचा कागद. जहाज भाड्याचे, हक्क, रस्ता, परवाना, गोळी: सगळे एका पपायरसवर.

मराठ्यांनी मात्र हा कागद घेतला तो आपल्या नावाने. आपल्याकडे कौल आणि दस्तक. कौल म्हणजे अरबीत शब्द, वचन. दस्तक फारसी 'दस्त'पासून, म्हणजे हात, हातचा कागद. (सध्या 'पावसाने दस्तक दिली' असे रोज वाचावे लागते. मराठीत याचा अर्थ पावसाने परवाना दिला असा होतो. दार ठोठावले, चाहूल दिली, वर्दी दिली, एवढे शब्द मेले आहेत का?) आज्ञापत्रात, म्हणजे मराठी राज्यकारभाराच्या नियमांच्या जुन्या ग्रंथात, यावर स्पष्ट सूचना आहेत. कौल घेतलेल्या सावकारांच्या तारवांना त्रास देऊ नये. परमुलखातल्या व्यापाऱ्याचे कौल नसलेले तारू दिसले तरी एकदम झडप घालू नये, दिलासा देऊन बंदरात आणावे. गनिमाचे असेल तर मात्र धरावे. भांडणे पेटत ती ठरावीक ठिकाणी: माल एकाचा, जहाज दुसऱ्याचे आणि वर बावटा तिसऱ्याचा. इंग्रज म्हणत, आमच्या बावट्याखाली आहे ते सगळे आमचे. आंग्रे म्हणत, आमचा करार कंपनीच्या जहाजांपुरता. मुंबईत राहणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याने तुमचा बावटा लावून दस्तक चुकवायचे हे चालणार नाही. १७१७ पासून विजयदुर्ग आणि खांदेरीवर इंग्रज चालून गेले, त्या भांडणाच्या मुळाशी हाच हिशेब होता.

राहिले चाचा. जो परवाना देतो, ज्याला बंदर आहे, ज्याच्याशी तह होतो आणि ज्याच्या वर छत्रपती आहेत, तो चाचा कसा? पोर्तुगिजांनी कार्ताझवरून धरले तर तो कायदा आणि आंग्र्यांनी दस्तकावरून धरले तर दरोडा, ही इंग्रजांची सोयीची व्याख्या होती, ती आपण का चालवायची? खरा चाचा पाहायचा तर हेन्री एव्हरी. १६९५ मध्ये औरंगजेबाचे 'गंज-इ-सवाई' त्याने मक्केहून परतताना लुटले. त्याच्याकडे ना राज्य, ना बंदर, ना द्यायला परवाना. त्याचे भोग भोगले ते कैदेत पडलेल्या सुरतेच्या इंग्रज वखारवाल्यांनी.

आणि लिहायचे तर 'चांचा' लिहा, अनुस्वार देऊन. जुना उच्चार तोच. 'चंचल'वरून तो काढणाऱ्यांना हात जोडावेत आणि पुढे जावे. काठेवाडच्या किनाऱ्यावर राजुल्याजवळ चांच नावाचे बेट आहे. तिथले कोळी एके काळी जाणारी-येणारी तारवे लुटत, म्हणून गुजरातीत असल्या लुटारूला 'चांचियो' नाव पडले, आणि तिथल्या खलाशांबरोबर ते आपल्या किनाऱ्यावर उतरले. अनुस्वार काढला की मागे उरतो तो हिंदीतला काका, आणि 'सोमाली चाचांनी जहाज पळवले' ही बातमी घरगुती भांडणासारखी वाटू लागते.