रेषेचं वळण आणि चोचीतली नाडी

प्रश्न : मी 20 वर्षं मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. परवा एका प्रकाशकाने एआयकडून करून घेतलेलं मुखपृष्ठ पाहिलं आणि हादरले. माझीच जाड, तुटक रेषा, माझेच लांब मानेचे पक्षी. मी काही करू शकते का?

उत्तर : तुम्ही पाठवलेली दोन्ही चित्रं शेजारी ठेवून बराच वेळ पाहिली. वळण तुमच्या हातचं आहे, यात शंका नाही. पण कॉपीराइट मिळतो तो कागदावर उतरलेल्या चित्राला. शैली सगळ्यांना मोकळी असते. हा नियम एआयच्या कितीतरी आधीचा. कुणाची तरी रेषा गिरवतच आपण सगळे शिकलो, म्हणून मला तो अन्यायाचा वाटत नाही.

मात्र उजव्या कोपऱ्यातला पक्षी पुन्हा पाहा. चोचीत बुटाची नाडी, डावा पाय दुमडलेला, शेपटीचं एक पीस मोडलेलं. तुमच्या जुन्या चित्रात हे सगळं याच जागी आहे. तुमचा दावा उभा राहील तो या पक्ष्यावर.

यंत्राला शिकवताना तुमची चित्रं वापरली असतील, तर त्याचं काय? यावर न्यायालयांचं एकमत नाही. जून 2025 मध्ये अमेरिकेतल्या एका न्यायाधीशांनी पुस्तकांवर मॉडेल, म्हणजे एआयचं शिकवलेलं यंत्र, घडवणं ‘रास्त वापरात’, म्हणजे परवानगीशिवायही कायद्याला चालणाऱ्या वापरात बसवलं, पण चोरट्या प्रतींचा साठा करणं माफ केलं नाही. पुढे अँथ्रोपिक या एआय कंपनीने, खटला तिच्यावरच होता, त्यात दीड अब्ज डॉलरची तडजोड केली, पुस्तकामागे साधारण 3000 डॉलर. नोव्हेंबर 2025 मध्ये जर्मनीत म्युनिकच्या न्यायालयाने मात्र चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयविरुद्ध निकाल दिला : गाण्यांचे शब्द मॉडेलला पाठ झाले असतील, तर तीही प्रतच. मला हे जास्त पटतं. तुमचा पक्षी नाडीसकट बाहेर पडला, तो कुठेतरी साठलेला असल्याशिवाय कसा?

आता कामाचं. त्या पक्ष्याची कच्ची रेखाटनं आणि छापील पुस्तकाची प्रत शोधून ठेवा. तारीख असलेला प्रत्येक कागद मोलाचा. प्रकाशकाला पत्र लिहा, त्यात शैलीचा विषयच काढू नका. मुखपृष्ठावर माणसाचं काम किती, हेही विचारा. निव्वळ यंत्राने केलेल्या चित्राला अमेरिकेत तरी कॉपीराइट मिळत नाही. मार्च 2025 मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने ते कायम केलं. प्रकाशकाला याची कल्पना असेलच असं नाही.

पत्र धाडण्याआधी मसुदा मला दाखवा.