घराच्या आगीत अग्निशमन दलाचे जवान का दगावतात? त्यातून आपण काय शिकायचं?

तुम्ही विचारलंय की प्रशिक्षण असतं, साधनं असतात, तरी राहत्या इमारतीच्या आगीत जवान का जातात आणि त्यात रहिवाशांनी शिकण्यासारखं काही आहे का. मी अग्निशमन दलातून निवृत्त झालोय. शिकण्यासारखं बरंच आहे.

९ मे २०१५. मुंबईत काळबादेवीच्या गोकुळ निवास या जुन्या इमारतीला आग लागली आणि काम चालू असतानाच इमारत कोसळली. संजय राणे आणि महेंद्र देसाई ढिगाऱ्याखाली गेले. सुधीर अमीन आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर गंभीर भाजले, तेही त्याच महिन्यात गेले. चौघेही अधिकारी, आयुष्य आगी विझवण्यात घातलेले. त्यांचा अनुभव कमी पडला असं कुणी म्हणालं की मला ते सहन होत नाही.

जुन्या लाकडी इमारतीत तुळया आतून जळत असतात आणि बाहेरून भिंत शाबूत दिसते. त्यात आपणच पाणी ओततो. एका होजमधून, म्हणजे आमच्या पाण्याच्या नळीतून, मिनिटाला काहीशे लिटर पाणी जातं, म्हणजे तेवढेच किलो वजन. गाद्या, कापडाचे गठ्ठे, जुनी जमीन ते पिऊन घेतात. म्हणून पाणी आत जातंय पण जिन्यावरून खाली वाहत येत नाही, असं दिसलं की तिथून निघायचं. गिलावा गळायला लागला, तुळई करकरली, मघाशी उघडणारं दार आता अडकतंय, तरी निघायचं. बाहेर उभं राहायचं तेही इमारतीच्या उंचीच्या दीडपट लांब. काळबादेवीसारख्या गल्ल्यांत तेवढी जागाच नसते, हे खरं दुखणं आहे.

माणूस आत असेल तर जवान जीव पणाला लावणार, लावायलाच हवा. सगळे बाहेर आले असतील तर आत एकही जवान ठेवू नये, बाहेरून मारा करावा. भिंती आणि माल यांसाठी जीव घालवायचा नाही.

पण सगळे बाहेर आले, हे कळणार कुणाकडून? तुमच्याकडूनच. वर्दीवर, म्हणजे आगीच्या ठिकाणी, पोचलं की दहा जण एकदम ओरडत असतात, ‘आत कोणीतरी आहे!’ त्या एका वाक्यावर जवान धुरात शिरतो. म्हणून एकानंच पुढे यावं, माणसं मोजलेली असावीत आणि नेमकं सांगावं: कोण, कितव्या मजल्यावर, कुठल्या खोलीत. सिलिंडर कुठे आहेत, मध्ये पोटमाळा काढलाय का, तेही सांगा. माळा अनधिकृत असला तरी लपवू नका. त्या वेळी कुणी दंड करायला आलेलं नसतं.

दुसरी गोष्ट दारांची. ३० मे १९९९ रोजी वॉशिंग्टनमध्ये एका घराच्या तळघरात आग होती. जवान पुढच्या दारानं वरच्या मजल्यावर शिरले होते. मागून तळघराचं काचेचं दार उघडलं गेलं, हवा मिळाली आणि तापलेला वायू जिन्यातून थेट वर आला. दोन जवान गेले. तेव्हा घराबाहेर पडताना दार ओढून घ्या, कुलूप लावू नका. आणि धूर बाहेर जावा म्हणून मागची खिडकी फोडायला जाऊ नका, ते काम दलाला विचारूनच.

जुन्या इमारतीत राहत असाल तर या रविवारी जिन्यातल्या सायकली आणि खोकी हलवा. होज घेऊन वर चढणाऱ्याला आणि घाईत खाली उतरणाऱ्याला तोच एक रस्ता असतो.