मुलीची उंची थांबवायला हार्मोनच्या गोळ्या द्याव्यात का?
ताई, मुलगी 13 वर्षांची, उंची 5 फूट 8 इंच, आणि नातेवाईक "लग्नाचं कसं होईल" म्हणून मागे लागलेत. एवढ्यासाठी गोळ्या देऊ नका, आणि तिच्यासमोर हा विषयही काढू नका. ऑस्ट्रेलिया, अमेरिका, युरोपात 1950च्या दशकापासून उंच मुलींना इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनचे मोठे डोस देत. त्याने हाडांच्या टोकाची वाढ लवकर बंद होते. पुढे, 2004 साली, ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात अशा बायकांना दिवस राहायला जास्त अडचण येत असल्याचं दिसलं. पाळी सुरू झाली असेल तर वाढ तशीही थोडीच उरते, बहुधा दोन-तीन इंच. नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजला किंवा तिथल्याच मिहानच्या एम्सला दाखवा. डाव्या हाताच्या एक्स-रेवरून हाडांचं वय, म्हणजे वाढ किती उरली आहे, ते कळतं. बोटं फार लांब, नजर कमजोर असेल तर मारफान सिंड्रोमबद्दल (हृदयावरही परिणाम करणारा जन्मजात आजार) विचारून टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, नक्की करून घ्या.