रोज ‘पोट दुखतंय’ म्हणून येणारी नववीतली मुलगी आणि सिकरूमची सिस्टर

प्रश्न थोडक्यात असा आहे: पाचगणीच्या बाजूच्या एका निवासी शाळेत जूनपासून रुजू झालेल्या जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा केलेल्या) सिस्टर विचारतायत की, नववीतली एक मुलगी आठवड्यातून तीन-चारदा पोट दुखतं म्हणून येते, तपासलं तर काही सापडत नाही, शिक्षक म्हणतात नाटक आहे. समुपदेशक फक्त बुधवारी येतात. मग माझं काम कुठपर्यंत? आणि मुख्याध्यापक म्हणतात, मुलं बोलतात ते सगळं रजिस्टरला लिहा. लिहू का?

सिस्टर, नाटकाचं आधी मिटवू. तिचं पोट खरंच दुखत असणार. भीती नि ताणानं आतडी आवळतात, मळमळतं, घास उतरत नाही, आणि ते दुखणं जेवण बाधल्यावर होतं तितकंच खरं असतं. शिवाय चौदा वर्षांच्या पोरीनं ‘माझं मन ठीक नाही’ म्हणून वर्गातून उठायची सोय कुठल्या शाळेत आहे? पोट दुखतंय म्हटलं की उठता येतं. समुपदेशकाच्या खोलीत जाताना चारजण बघतात, सिकरूममध्ये जाताना कोणी बघत नाही. तुमच्या खोलीचं मोल तिथंच आहे.

पण म्हणून लगेच ‘टेन्शन आहे’ असा शिक्का मारू नका, ही उलट बाजूची चूकही तितकीच होते. आधी शरीर. ताप, नाडी, बीपी, वजन. शेवटची पाळी कधी आली, लघवीला जळजळ आहे का, आणि शौचाला कधी झालं. वसतिगृहात हा शेवटचा प्रश्न फार कामाचा. सकाळी संडासापुढं रांग, वेळ कमी, दाराची कडी मोडलेली, मग मुली दोन-दोन दिवस दाबून ठेवतात. अशा वेळी पोटदुखीचा उपाय समुपदेशनात नसतो, कडी दुरुस्त करण्यात असतो. हिमोग्लोबिन बघा, 12 च्या खाली असेल तर तेच थकव्याचं नि चिडचिडीचं कारण असू शकतं. डोकेदुखीवाल्यांना फळ्यावरचं दिसतं का ते विचारा. ताप असेल, दुखणं उजवीकडं खाली असेल, रात्री झोपेतून उठवत असेल, हिरवी उलटी किंवा शौचातून रक्त असेल, वजन उतरत असेल, तर आमच्या गप्पा बाजूला ठेवून थेट डॉक्टर. बेंबीभोवतीच दुखणारं, रात्री शांत असणारं आणि सुट्टीत गायब होणारं दुखणं असेल, तर पुढचं वाचा.

पुढचं म्हणजे रजिस्टर. बहुतेक ठिकाणी त्यात तारीख, नाव, तक्रार, गोळी एवढेच रकाने असतात आणि त्यातून काहीच कळत नाही. त्यात वेळ आणि चालू तास घाला, कोणी पाठवलं (स्वतः, शिक्षक की रेक्टर) ते घाला, तक्रार मुलाच्याच शब्दांत लिहा, किती मिनिटं थांबलं आणि परत कुठं गेलं ते लिहा. महिनाअखेरीला तेच रजिस्टर तारखेनं न वाचता नावानं वाचा. एकेका मुलाच्या भेटी एका कागदावर उतरवल्या की चित्र समोर येतं: मंगळवार-शुक्रवार तिसरा तास, म्हणजे एकच विषय; रविवारी संध्याकाळी, पालक भेटून गेल्यावर; पीटीच्या तासाला, जिथं कपडे बदलावे लागतात; रात्री अभ्यासिका सुटताना, डॉर्मिटरीत जायच्या आधी. हा शेवटचा नमुना दिसला तर घरची आठवण म्हणून सोडून देऊ नका. डॉर्मिटरीत कोणीतरी त्रास देतंय का, हे आधी बघायचं. हिशेब सोपा ठेवा: 14 दिवसांत तीन भेटी आणि शरीरात काही नाही, तर पंधरा मिनिटं बसून बोलायचं.

तुमच्याकडं जून-जुलैचा पाऊस म्हणजे कपडे वाळत नाहीत, ऊन दिसत नाही आणि नवीन मुलं नुकतीच आलेली. पहिले चार-सहा आठवडे घरची आठवण सगळ्यांनाच येते, ती हळूहळू उतरते. ऑगस्ट संपत आला तरी चढतीच असेल तर वेगळा विचार करा. दिवाळीनंतर परतलेला आठवडा, दहावी-बारावीचा फेब्रुवारी आणि मे महिन्यातला निकाल, हे दिवस कॅलेंडरवर आधीच खुणा करून ठेवायचे.

बोलायचं कसं? समोरासमोर टेबलाआड बसू नका, कॉटच्या बाजूला स्टूल घ्या. बीपीचा पट्टा बांधा, हाताला काम असलं की दोघींनाही बोलणं सोपं जातं. पण पहिलं वाक्य हे: “तू सांगशील ते मी वर्गात, मैत्रिणींत, शिक्षकांत नेणार नाही. दोन गोष्टी मात्र मला एकटीला ठेवता येणार नाहीत: तुझ्या जिवाला धोका असेल तर, आणि कोणी तुला त्रास देत असेल, हात लावत असेल तर. तेव्हाही कोणाला सांगणार ते आधी तुला सांगेन.” हे शेवटी नाही, सुरुवातीलाच. सगळं ऐकून घेतल्यावर ‘हे मला सांगावं लागेल’ म्हटलं की ती मुलगी परत येत नाही.

मग सोप्याकडून अवघडाकडं. घरी कोण कोण, सुट्टीत कोणाकडं जातेस. शाळेत कुठला तास आवडतो, कुठला नको वाटतो. जेवण, झोप (कितीला आडवी होतेस आणि कितीला झोप लागते, हे दोन वेगळे प्रश्न). मैत्रिणी, मोबाईल, कोणी फोटो मागतंय का. तंबाखू, मावा, दारू. आणि शेवटी मनाचं. ‘का’ टाळा, ‘का रडतेस’ म्हटलं की पोर उत्तर शोधत बसते. ‘कधीपासून’ आणि ‘तेव्हा काय होतं’ यानं काम होतं. सल्ल्याची घाई नको. ‘एवढ्याशा गोष्टीनं काय होतंय’ हे वाक्य तर ओठाशीच अडवायचं.

झोप उडालेली, जेवण तुटलेलं, पूर्वी आवडायचं त्यातलं मन उडालेलं, हे दोन आठवड्यांच्या वर चाललं असेल तर एक प्रश्न सरळ विचारावाच लागतो: “जगू नये, मरून जावं असं मनात येतं का?” विचारल्यानं तो विचार डोक्यात भरतो ही समजूत चुकीची आहे, बहुतेक मुलांना कोणीतरी विचारल्याचं हायसं वाटतं. उत्तर ‘हो’ आलं तर आवाज न चढवता पुढचं: किती वेळा येतं, कसं करायचं ते ठरवलंय का, ती वस्तू हाताशी आहे का, पूर्वी कधी केलंय का. विचार आहे पण काही ठरवलेलं नाही, तर त्याच दिवशी समुपदेशकांना फोन, पालकांना फोन, रात्री कोण जवळ असेल ते ठरवणं. बुधवारची वाट बघायची नाही. ठरवलेलं आहे किंवा पूर्वी केलेलं आहे, तर मूल एका मिनिटासाठीही एकटं नाही, संडासातसुद्धा दार लोटलेलं आणि बाहेर माणूस. मुख्याध्यापकांना लगेच सांगा, आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ. साताऱ्यात सिव्हिल म्हणजे क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, सांगलीकडच्या शाळांना मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. मधल्या वेळेत टेलीमानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, 14416. फोन मोफत आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. नंबर चिठ्ठीवर लिहून देऊ नका. शेजारी बसून तुम्ही लावा, स्पीकरवर दोन वाक्यं तुम्ही बोला, मग फोन तिच्या हातात द्या.

घरी पाठवायची वेळ आली तर पालकांना स्पष्ट विचारा, घरात औषधं कुठं आहेत. तासगाव, कवठेमहांकाळकडची द्राक्षबागायतदार घरं असतील तर फवारणीची औषधं बहुधा पडवीत किंवा जिन्याखाली असतात. ती कुलपात, किल्ली मोठ्या माणसाकडं, निदान काही महिने. मनात टोकाचा विचार आला तरी तो बऱ्याचदा थोड्या वेळात ओसरतो, तेवढा वेळ वस्तू हाताशी नसली तरी जीव वाचतो. काही गिळल्याचा नुसता संशय असला तरी मीठपाणी पाजून उलटी काढू नका. डावीकडं कुशीवर, 108, डबा किंवा पाकीट बरोबर. ‘आता बरी दिसतेय, उद्या बघू’ हे सर्वांत महागात पडतं. साधी तापाची पॅरासिटामॉल जास्त घेतली तर पहिला दिवस मूल बरं दिसतं, यकृताचं नुकसान मागाहून कळतं, आणि त्यावरचं औषध पहिल्या आठ तासांत सुरू झालं तर सर्वांत चांगलं काम करतं. उंदीर मारायच्या पेस्टचंही तसंच, दिसणं फसवं.

हातावर स्वतःच कापून घेतलेल्या खुणांचं वेगळं. मे महिन्यातही पूर्ण बाह्या, मनगटावर रुमाल, पीटीला नकार. जखम दिसली तर आधी नर्स व्हा: स्वच्छ पाण्यानं धुवा, ड्रेसिंग करा, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालंय ते बघा. ओरडू नका, तिच्याकडून ‘परत करणार नाही’ अशी शपथ वदवून घेऊ नका, कारण शपथ मोडली की पुढची जखम तुमच्यापासून लपवली जाते. अशी प्रत्येक मुलगी मरायलाच निघालेली नसते, बऱ्याचजणी आतला कल्लोळ थोडा वेळ थांबवायला करतात. तरी वरचा सरळ प्रश्न इथंही विचारायचाच.

दम लागून, हातापायाला मुंग्या येऊन आलेलं मूल बघितलं की आधी ऑक्सिजन मोजा आणि छाती ऐका. 94 टक्क्यांच्या खाली किंवा शिट्टीसारखा आवाज असेल तर तो दमा किंवा छातीचाच दुसरा आजार असू शकतो, मनाचं म्हणून सोडून देऊ नका. तसं नसेल तर नाकानं चार आकडे आत, तोंडानं सहा आकडे बाहेर, तुम्हीही बरोबर करा, पाच मिनिटं. कागदी पिशवी तोंडाला लावू नका.

आता सिकरूममध्ये किती वेळ ठेवायचं. इथं मायेपोटी चूक होते. गणिताच्या तासाला आलेली पोर दिवसभर कॉटवर झोपली किंवा दर वेळी घरी गेली, तर भीती शमत नाही, घट्ट होते. पुढच्या वेळी पोट लवकर दुखतं. वीस मिनिटं, पाणी, काही खाल्लेलं नसेल तर खाणं, आणि परत वर्गात, शक्यतो त्याच तासाला. वर्गशिक्षिकेला एवढंच सांगा: “ती थोडी उशिरा येईल, दारात काही बोलू नका.” कारण सांगायची गरज नाही. अपवाद एकच: वर्गात किंवा डॉर्मिटरीत छळ होतोय असं कळलं, तर आधी तो थांबवायचा, मग परत पाठवायचं.

रजिस्टरचा प्रश्न. दोन वह्या करा. उघडं रजिस्टर, जे कोणीही चाळतं, त्यात ‘पोटदुखी, तपासलं, 20 मिनिटं विश्रांती, वर्गात परत’. दुसरी कुलपातली, तिच्यात मुलाचे शब्द अवतरणात, वेळ, तुम्ही काय केलंत, कोणाला कळवलंत. ‘मुलगी नैराश्यग्रस्त’ असलं काही नाही; निदान तुमचं काम नाही, ‘16 दिवसांत वजन 2 किलो कमी’ हे तुमचं काम. मुख्याध्यापकांना जिवाचा धोका आणि छळ या दोन गोष्टी त्याच दिवशी कळल्याच पाहिजेत, बाकी आई-वडिलांचं भांडण नि कोणावर मन बसलंय ते कळायची गरज नाही. समुपदेशकांना बुधवारी तोंडी सांगायचं नाही, चार ओळींची चिठ्ठी: कधीपासून, किती भेटी, शरीरात काय तपासलं, मूल स्वतः काय म्हणालं.

मूल लैंगिक छळाचं बोललं, तर पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा) कायदा 2012 चा आहे आणि कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा, सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत. ‘आधी आपण चौकशी समिती नेमू’ हे ऐकायचं नाही. खोदून खोदून विचारू नका, एकदा सांगितलं ते जसंच्या तसं लिहा. घटना ताजी असेल तर अंघोळ नको, कपडे बदलू नका. मुलीची तपासणी स्त्री डॉक्टरनंच करायची असते. 1098 वरही मदत मिळते.

पालकांशी फोनवर ‘मानसिक’ हा शब्द पहिल्या वाक्यात आला की पुढचं ऐकलं जात नाही, ‘आमच्यात तसलं काही नाही’ येतं. आकडे सांगा: तीन आठवड्यांत अकरा भेटी, वजन इतकं उतरलं, रात्री एकपर्यंत जागी. कोणी म्हणेल बाहेरचं आहे, देवऋष्याकडं दाखवतो. वाद घालून काही मिळत नाही. दर्शनाला जायचं तर जा, पण मारझोड, उपाशी ठेवणं, धुरी असलं काही नाही, आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांकडं, एवढं पक्कं करून घ्या. ऊसतोडीला गेलेल्या पालकांचा फोन हंगामात लागत नाही, त्यांच्या टोळीच्या मुकादमाचा नंबर ऑक्टोबरातच घेऊन ठेवावा. मात्र मुकादमाला निरोप ‘फोन करा’ एवढाच.

(ज्यांच्या शाळेत सिस्टरच नाहीत, म्हणजे जिल्ह्यातल्या बहुतेक सगळ्या, त्यांच्यासाठी: सरकारी-अनुदानित शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा येतं. त्या दिवशी वर्गशिक्षकांनी अशा दोन-तीन मुलांची नावं पथकातल्या डॉक्टरांच्या कानावर घालावीत. रांगेत वजन-उंची मोजताना त्यांना ती ओळखू येणं शक्य नाही.)

राहिल्या गोळ्या. एखादं मूल फ्लुओक्सेटिनवर (नैराश्यासाठी देतात ती गोळी) असेल तर चिठ्ठीची प्रत तुमच्याकडं, गोळ्या कुलपात, रोज तुमच्यासमोर गिळणं आणि सही. गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. पहिल्या काही आठवड्यांत अस्वस्थपणा किंवा मरणाचे विचार वाढले तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. पालकांनी आणलेली झोपेची गोळी चिठ्ठीशिवाय द्यायची नाही, कितीही गळ घातली तरी. आणि दिवाळीला घरी जाताना गोळ्या मोजून आईच्या हातात द्या, पोरीच्या बॅगेत नाही. 21 दिवसांची सुट्टी असेल तर 21 अधिक दोन, आणि परत आल्यावर उरलेल्या मोजा. जास्त उरल्या तर मधेच बंद केलीय असं समजून डॉक्टरांना विचारूनच पुन्हा सुरू करा.