झिंक तीन महिन्यांत संपतंय? आधी शोअर पॉवरची केबल काढून मोजा

गेटवेसमोर मुरिंगला (पाण्यातल्या बोयाला बांधून) असताना तुमच्या 32 फुटी फायबरग्लास बोटीचं शाफ्टवरचं (बोटीचा पंखा फिरवणाऱ्या दांड्यावरचं) झिंक, म्हणजे बाकीच्या धातूंऐवजी स्वतः झिजणारा जस्ताचा तुकडा, वर्षभर पुरायचं आणि कोचीच्या मरीनात ते तीन महिन्यांत संपतं, म्हणून आणखी दोन लावू का, असं तुम्ही विचारलंय. लावू नका. आधी ते कोणासाठी झिजतंय ते बघा.

गेटवेला बोट एकटी होती. मरीनात शोअर पॉवरची, म्हणजे जेटीवरून वीज घेण्याची केबल लावली की तिच्यातली हिरवी अर्थ वायर तुमचा शाफ्ट आणि पंखा शेजारच्या बोटींच्या धातूंना जोडते. खाली खारं पाणी, वर तार. सगळ्या जेटीची मिळून एक बॅटरी होते. ज्याचं झिंक संपलंय, त्याचा पंखा तुमच्या झिंकवर तगतो. तुमचंही संपलं की तुमच्या पंख्याची पाळी. मँगनीज ब्राँझ म्हणून विकला जाणारा पंखा खरं तर पितळच असतो, त्यात सुमारे 40 टक्के जस्त. माझ्या पंख्याच्या कडा गुलाबी पडल्या, तेव्हा घासून स्वच्छ झाला म्हणून मी खूश होतो. जस्त निघून गेलं होतं आणि मागे भुसभुशीत तांबं उरलं होतं. पुढच्या हंगामात एका पात्याचं टोकच तुटलं.

सिल्व्हर क्लोराइडचा रेफरन्स इलेक्ट्रोड (ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजतात तो) मल्टिमीटरला जोडून पाण्यात सोडा, मल्टिमीटरची दुसरी तार शाफ्टला लावा. केबल लावून एकदा मोजा, काढून एकदा. केबल काढल्यावर आकडा आणखी उणे झाला, तर झिंक शेजाऱ्यांसाठी झिजतंय. काहीच फरक नसेल, तर बिल्जमधल्या (बोटीच्या तळातल्या) पंपाचे जोड तपासा. बारा व्होल्टची गळती झिंकच काय, शाफ्टही भराभर खाते.

अर्थ वायर कापून टाका असा सल्ला जेटीवर हमखास मिळतो. कृपया ऐकू नका. चार्जरमध्ये दोष आला तर 230 व्होल्ट बोटीच्या धातूत आणि पाण्यात उतरतात, आणि पोहणारा माणूस दगावतो. पावसाळ्यात पाणी गोडं झालं की हा धोका वाढतोच. योग्य उपाय गॅल्व्हॅनिक आयसोलेटर. तो अर्थ वायरमध्ये, केबल बोटीत शिरते तिथेच बसवतात. त्यातले डायोड साधारण 1.2 व्होल्टपर्यंतचा डीसी अडवतात, फॉल्टचा करंट मात्र जाऊ देतात. बिघडला तरी अर्थ तुटू नये, असा फेल-सेफच घ्या. जेटीवरून टीव्हीची केबल घेतली असेल, तर तिच्या धातूच्या जाळीतून आयसोलेटरला वळसा पडतो, तीही सोडवा. जेटी आणि बोट यांच्यात थेट तारजोडच न ठेवणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर याहून पक्का, पण जड आणि महाग.

कोचीत आणखी एक अडचण आहे. पावसाळ्यात पेरियारचं पाणी उतरून बॅकवॉटर मचूळ, कधी जवळजवळ गोडं होतं. तशा पाण्यात झिंकवर कठीण पापुद्रा धरतो आणि ते काम करणंच सोडतं; दिसायला मात्र धडधाकट. तिथे झिंकऐवजी ॲल्युमिनियमचे ॲनोड (तसेच झिजणारे तुकडे) लावा. मॅग्नेशियम नको, ते फक्त गोड्या पाण्यासाठी. इलेक्ट्रोडचे आकडेही खारटपणानुसार सरकतात, म्हणून केबल लावून आणि काढून मोजणं एकाच दिवशी करा.

ॲनोडखालचा शाफ्ट घासून चकचकीत करा, ॲनोडवर रंग लावू नका, अर्धा झिजला की बदला. गरजेपेक्षा जास्त लावल्यानं काय होतं ते 1820 च्या दशकातच दिसलं होतं. रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीनं ब्रिटिश आरमाराच्या जहाजांवरचे तांब्याचे पत्रे असेच वाचवले. तांबं विरघळायचं थांबलं आणि त्यावर कालवं-शेवाळ बसायला लागलं. तुमच्या पंख्यावरही ते बसेल.

दोन्ही आकडे कळवा, मग आयसोलेटर किती अँपिअरचा घ्यायचा ते ठरवू.