ठमीचे डोळे

चि. मुली, अनेक आशीर्वाद.

तुझी ठमी मांजर गेल्यावर परवा रात्री तुझा मेसेज आला तेव्हा मी जागाच होतो. लगेच फोन करणार होतो. पण तू एवढंच लिहिलं होतंस, "काका, तिचे डोळे उघडेच राहिले." या वाक्याचं उत्तर फोनवर घाईत देण्यासारखं नाही, म्हणून कागद घेऊन बसलो.

आधी तेच सांगतो. डोळे मिटायचे तर पापण्यांच्या स्नायूंना काम करावं लागतं. जीव गेला की ते स्नायू सैल पडतात आणि डोळे तसेच राहतात. माझ्या दवाखान्यातल्या टेबलावर शांतपणे गेलेली बहुतेक सगळी मांजरं अशीच उघड्या डोळ्यांनी गेली. ती तुझ्याकडे बघत नव्हती गं. तिला त्रासातून सोडवायला दिलेलं पहिलं इंजेक्शन गुंगीचं होतं. दुसरं शिरेत गेलं की काही सेकंदांत शुद्ध हरपते, आणि हृदय थांबतं ते त्यानंतर. कधी कधी मग एखादा श्वास ओढल्यासारखं होतं, एखादा पाय थरथरतो. बघणाऱ्याच्या काळजाचं पाणी होतं, पण त्या जनावराला तेव्हा काहीच जाणवत नसतं. हे आम्ही डॉक्टरांनी आधी सांगायला हवं. मीसुद्धा सुरुवातीची कितीतरी वर्षं सांगत नव्हतो, आणि लोक ते डोळे मनात घेऊन घरी जात होते.

आता दुसरी गोष्ट. तू ती लिहिली नाहीस, पण तुझ्या आईकडून कळली. ठमी जास्त पाणी पितेय हे तुला दिवाळीतच दिसलं होतं, आणि "उन्हामुळे असेल" म्हणून तू सोडून दिलंस, हेच तुला खातंय.

नीट ऐक. मांजराचे पूर्वज कोरड्या, वाळवंटी मुलखातले. थोड्या पाण्यावर भागवायचं आणि लघवी दाट करून शरीरातलं पाणी राखायचं, ही त्यांची जुनी खोड. मूत्रपिंड थकलं की पहिली जाते ती हीच ताकद. मग लघवी पातळ आणि जास्त होते, आणि तेवढी भरपाई करायला मांजर वाटीकडे वळतं. घरच्यांना वाटतं, बरं झालं, पाणी पितेय. नेहमीच्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडानं रक्तातून बाहेर टाकायचा कचरा, वाढलेलं दिसेपर्यंत मूत्रपिंडाचं साधारण तीन चतुर्थांश काम बंद पडलेलं असतं. त्यात मांजर दुखणं लपवतं. रानात जे लहान जनावर कण्हतं, त्याला दुसरं कोणीतरी खातं. तुझ्या मांडीवर १४ वर्षं झोपूनही ठमीच्या अंगातली ती सवय गेली नव्हती.

लवकर कळलं असतं तर काहीच फरक पडला नसता, असं मी म्हणणार नाही. ते खोटं ठरेल, आणि तू वाचून शोधून काढशीलच. आहार बदलून, औषधं देऊन काही महिने मिळतात, कधी वर्षंही मिळतात. पण मूत्रपिंडाचा गेलेला भाग परत येत नाही. दिवाळीत तू तिला नेलं असतंस तरी हा दिवस आलाच असता, थोडा उशिरा. तो थोडा काळ गेला, त्याचं वाईट वाटू दे. पण तू तिला मारलंस असं जे मनात घेतलं आहेस, ते काढून टाक. गेले चार महिने रोज सकाळी ऑफिसच्या आधी, सलाईनची बाटली पडद्याच्या दांडीला टांगून तिच्या कातडीखाली सुई लावणारी मुलगी मी बघितली आहे.

माझी एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. आमच्याकडे एक भुरी मांजर होती, तिलाही हेच झालं. शेवटी ती खाईना, तोंडात फोड आले, अंगाला वास येऊ लागला, स्वतःला चाटणंही तिनं सोडलं. दुसऱ्याचं मांजर असतं तर मी त्या दिवशीच सांगितलं असतं, आता त्रास देऊ नका. माझी होती म्हणून मी आणखी १२ दिवस सलाईन लावत राहिलो. ते १२ दिवस तिच्यासाठी नव्हते, माझ्यासाठी होते. ती पहाटे न्हाणीघराच्या कोपऱ्यात एकटी गेली. तू शेवटपर्यंत ठमीचं डोकं तळहातावर धरून होतीस. मला जे जमलं नाही ते तुला जमलं, हे मी मनापासून लिहितो आहे.

ऑफिसात कोणीतरी "मांजरच होतं ना, दुसरं आण" म्हणालं म्हणे. त्यांच्यावर फार रागावू नकोस, पण ते मनावरही घेऊ नकोस. माणूस गेलं की आपल्याकडे सगळं ठरलेलं असतं. शेजारून पिठलंभात येतो, लोक येऊन नुसते बसतात, दहावा-तेरावा होतो, रडायला जागा मिळते. मांजराला सुतक नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी तू लॅपटॉप उघडून मीटिंगला बसलीस. केनेथ डोका नावाच्या अभ्यासकानं १९८९ साली अशा दुःखाला नाव दिलं, ज्या दुःखाला समाज दुःख म्हणून मानतच नाही. सगळीकडे असंच होतं असंही नाही. प्राचीन इजिप्तमध्ये घरातलं मांजर मेलं की घरचे सगळे भुवया उतरवत, असं हिरोडोटस या जुन्या ग्रीक इतिहासकारानं लिहून ठेवलंय. इतकं लांब तरी कशाला, मी खेड्यातल्या दवाखान्यात होतो तेव्हा बैल गेलेल्या घरात त्या दिवशी चूल न पेटलेली पाहिली आहे. त्या माणसाला कोणी म्हणालं नाही, "बैलच होता ना."

तेव्हा तूही काहीतरी कर. काय ते तुझं तू ठरव. तिची वाटी लगेच उचलायची नसेल तर राहू दे. पहाटे पाचला पायावर वजन जाणवून जाग येईल, दार उघडताना पाय आपोआप जपून पडेल. असं बराच काळ होतं. त्यात बिघडलं काहीच नाही.

मात्र एका बाबतीत हयगय नको. तुमचा बोका. तो तिच्या टोपलीजवळ जाऊन ओरडतो, हे आईनं सांगितलं. ओरडू दे, टोपली धुऊ नकोस, तिचा वास तिथे राहू दे. पण खातो किती ते रोज बघ. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं, त्यातून ते जाडजूड असलं, तर यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकतं. मासे जरा कोमट करून दे, वासानं तोंड लावतात. एक पूर्ण दिवस काहीच खाल्लं नाही तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता मला फोन कर, कितीही वाजलेले असोत.

न उघडलेल्या सलाईनच्या बाटल्या उरल्या असतील. त्या बघवत नसल्या तर पिशवीत भरून दाराशी ठेव. रविवारी सकाळी येतो, दवाखान्यात पोचवतो. तिथे सध्या एक म्हातारा बोका याच दुखण्याचा आहे, त्याच्या घरच्यांना परवडत नाही.

तुमच्या बोक्यासाठी वजनकाटा घेऊनच येतो. चहा टाकून ठेव.

तुझा,
काका